हायमन रिकोव्हर

हायमन जॉर्ज रिकोव्हर (२७ जानेवारी, इ.स. १९०० - ८ जुलै, इ.स. १९८६) हे अमेरिकेच्या नौदलातील ॲडमिरल व अभियंते होते. अणुशक्तीवर चालणारी जगातील पहिली पाणबुडी 'नॉटिलस' त्यांच्या देखरेखीखाली तयार झाली. यामुळे त्यांना आण्विक नौदलाचे जनक मानले जाते.

सुरुवातीचे जीवन

रिकोव्हर यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील पोलंडमधील माकूफ माझोव्येत्स्की या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे वडील शिंपीकाम करीत. रिकोव्हर लहान असतानाच हे कुटुंब अमेरिकेत स्थलांतरित होऊन शिकागो येथे स्थायिक झाले. शाळेत असताना ते तारा पोचविण्याचे काम करीत. काँग्रेस सदस्य ॲडॉल्फ सबाथ यांनी नाव सुचविल्यावर १९१८ साली त्यांना ॲनापोलिस येथील नौदल अकादमीत प्रवेश मिळाला व १९२२ साली ते पदवीधर झाले. पुढे त्यांनी कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि काही वर्षे पाणबुड्यांवर काम केले. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलाच्या जहाजबांधणी विभागातील विद्युत शाखेचे प्रमुख होते.

नॉटिलस

त्या काळातील डिझेल पाणबुड्या पाण्याखाली बॅटरीवर चालत. पूर्ण वेगाने गेल्यास ही बॅटरी तासाभरात संपे व ती भारित करण्यासाठी पाणबुडीला पृष्ठभागाजवळ यावे लागे. अणुभट्टीला हवा लागत नाही, त्यामुळे ही मर्यादा मुळातूनच दूर होणे शक्य होते. १९४६ साली ओक रिज येथे अणुविज्ञानाचा अभ्यास करताना रिकोव्हर यांची याविषयी खात्री पटली. १९४९ पासून त्यांच्याकडे नौदल आणि अणुऊर्जा आयोग या दोन्ही संस्थांतील संबंधित पदे होती. या दुहेरी अधिकारामुळे आराखड्यापासून खलाशांच्या प्रशिक्षणापर्यंत सर्व निर्णय त्यांच्या हाती एकवटले.

त्यांनी दाबाखालील पाण्याने थंड होणाऱ्या अणुभट्टीची निवड केली. तिच्यातील उष्णतेपासून वाफ तयार होते व या वाफेवर टर्बाइन फिरते. तिचा नमुना आयडाहोच्या वाळवंटात उभारण्यात येऊन मार्च १९५३ मध्ये कार्यान्वित झाला. 'सीवुल्फ' या दुसऱ्या पाणबुडीत वितळलेल्या सोडियमने थंड होणारी भट्टी बसविली होती. मात्र ती अडचणीची ठरल्याने नंतर बदलण्यात आली.

याच काळात पदोन्नती मंडळाने रिकोव्हर यांना रिअर ॲडमिरलपदासाठी दोनदा डावलले. नियमानुसार त्यांना निवृत्त व्हावे लागले असते, परंतु अमेरिकी काँग्रेसच्या दबावामुळे १९५३ साली त्यांना बढती मिळाली. १७ जानेवारी १९५५ रोजी नॉटिलस अणुशक्तीवर प्रथम समुद्रात उतरली आणि ३ ऑगस्ट १९५८ रोजी बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोचली. पेनसिल्व्हेनियातील शिपिंगपोर्ट अणुवीज केंद्रही त्यांच्याच देखरेखीखाली १९५७ साली सुरू झाले.

कार्यपद्धती

आण्विक जहाजांवर नेमणूक होणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती रिकोव्हर स्वतः घेत. उमेदवाराला अस्वस्थ करण्यासाठी खुर्चीचे पुढचे पाय आखूड केले जात, अशी या मुलाखतींची ख्याती होती. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर हे अशाच मुलाखतीतून निवडले गेले होते. तुसडा स्वभाव व हुकमी वागणूक यांमुळे नौदलात त्यांना अनेक विरोधक निर्माण झाले.

थ्रेशर दुर्घटना

१० एप्रिल १९६३ रोजी 'थ्रेशर' ही हल्लेखोर पाणबुडी खोल बुडीच्या चाचणीत अटलांटिक महासागरात बुडाली व तिच्यावरील सर्व १२९ जण मृत्युमुखी पडले. नळाचा सांधा फुटून पाणी शिरले, अणुभट्टी बंद पडली आणि टाक्यांतील पाणी बाहेर ढकलणाऱ्या हवेच्या नळ्यांत बर्फ साचला, असा तपासाचा कल होता. रिकोव्हर यांनी सदोष जोडकाम व तपासणी यांवर बोट ठेवले. तथापि बंद पडलेली भट्टी लवकर सुरू करू न देणारी कार्यपद्धती त्यांच्याच विभागाची होती व ती पुढे बदलण्यात आली. या दुर्घटनेनंतर नौदलाने 'सबसेफ' हा सुरक्षा कार्यक्रम सुरू केला.

लॉस एंजेलिस वर्ग

सोव्हिएत पाणबुड्यांच्या वाढत्या वेगाला उत्तर म्हणून रिकोव्हर यांनी अधिक शक्तिशाली भट्टी असलेल्या लॉस एंजेलिस वर्गाचा आग्रह धरला. या वर्गातील पहिली पाणबुडी १९७६ साली सेवेत आली व एकूण ६२ पाणबुड्या बांधल्या गेल्या. त्यांचा वेग ३० नॉटपेक्षा अधिक होता. मोठ्या भट्टीचे वजन भरून काढण्यासाठी बुडीची खोली कमी करावी लागली, अशी टीका या आराखड्यावर झाली.

निवृत्ती व मृत्यू

नौदल सचिव जॉन लेहमन यांच्या आग्रहामुळे जानेवारी १९८२ मध्ये, ६३ वर्षांच्या सेवेनंतर, रिकोव्हर निवृत्त झाले. निरोपाच्या सुमारास काँग्रेसच्या समितीपुढे त्यांनी आपल्या कार्याचा अभिमान वाटत नसल्याचे व अण्वस्त्रांसह अणुशक्तीही मानवाने सोडून द्यावी असे मत मांडले. जनरल डायनॅमिक्स या पाणबुडी बांधणाऱ्या कंपनीकडून भेटवस्तू स्वीकारल्याबद्दल १९८५ साली त्यांना अधिकृत ठपका मिळाला. ८ जुलै १९८६ रोजी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

त्यांना काँग्रेसचे सुवर्णपदक दोनदा, तर १९८० साली राष्ट्राध्यक्षीय स्वातंत्र्यपदक मिळाले. अमेरिकेच्या दोन हल्लेखोर पाणबुड्यांना त्यांचे नाव देण्यात आले. त्यांपैकी लॉस एंजेलिस वर्गातील पाणबुडी १९८४ साली व व्हर्जिनिया वर्गातील २०२३ साली सेवेत दाखल झाली.