पैसा कोणाचा, खर्च कोणासाठी?

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव निघताच मुलींची शाळा, सत्यशोधक समाज आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ यांचे स्मरण होते. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते, याचा उल्लेख मात्र ओझरताच केला जातो. वस्तुतः समतेचे तत्त्व सार्वजनिक जमाखर्चात कसे उतरवावे, हे त्यांच्या चरित्राच्या याच भागात दिसते.

१८२७ साली जन्मलेले जोतीराव व्यवहारात मुरलेले होते. बांधकामाची कंत्राटे घेणे हा त्यांचा व्यवसाय. खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी दगड पुरविला. मजुराचे कष्ट आणि सरकारी कामांतील पैशाची गळती या दोन्ही गोष्टी त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पाण्यावर सर्वांचा सारखाच हक्क आहे, हे त्यांनी प्रथम स्वतःच्या अंगणात आचरून दाखविले आणि मग ते नगरपालिकेत गेले.

तेथे ते निवडून आलेले नव्हते, सरकारनियुक्त होते. अशा सभासदाने सरकारच्या मर्जीने वागावे, हा त्या काळचा रिवाज. त्यातून धंदा सरकारी कामांवर चालणारा. तेव्हा गप्प बसण्यातच त्यांचा फायदा होता. तरीही व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीनिमित्त स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा करदात्यांचा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, अशी भूमिका त्यांनी घेतली. विरोधी मत देणारे ते एकटेच होते. १८८० मध्ये शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्धही त्यांनी लेखी तक्रार केली. दुकानांमुळे सरकारी महसुलात भर पडत असली, तरी तिची किंमत मजुरांची कुटुंबे मोजत होती.

नव्या मंडईच्या योजनेलाही त्यांनी विरोध केला. मंडई ही लोकोपयोगी सोय नव्हे, असे कोणी म्हणणार नाही. पण तिजोरी तुटपुंजी असताना आधी इमारत की आधी शाळा, हा खरा प्रश्न होता. त्या काळी नगरपालिकांचे उत्पन्न मोठ्या प्रमाणात जकातीवर अवलंबून असे, आणि जकातीचा भार अखेर गरिबाच्या खरेदीवरही पडतोच. ज्याच्या घासातून कर जातो, त्याच्या मुलाला अक्षरओळखही मिळू नये, हा जोतीरावांच्या दृष्टीने उघड अन्याय होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी हाच विचार व्यापक पातळीवर मांडला. महसूल रयतेच्या श्रमांतून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हे दाखवून त्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली.

नगरपालिकेत त्यांचे मत बहुतेक वेळा एकाकी पडले. मंडई उभी राहिली आणि १८८६ मध्ये तत्कालीन गव्हर्नरांच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून सुरू झाली. १८८८ मध्ये मुंबईच्या जनतेने जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी दिली आणि १८९० मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव देण्यात आले.

हा गौरव यथोचितच आहे. मात्र वास्तूला नाव देणे सोपे असते, त्या नावाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे कठीण असते. नगरसंस्थांच्या अर्थसंकल्पात समारंभ, सुशोभन आणि शाळा यांचे आकडे आजही एकाच कागदावर येतात. ते वाचताना हा पैसा कोणाचा आणि तो कोणासाठी खर्च होतो, हे जो सभासद निर्भयपणे विचारील, तोच जोतीरावांचा खरा वारस होय.