ली डी फॉरेस्ट : त्रिध्रुवी नळीचे जनक

गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या एका विद्यार्थ्याने स्वतः जुळविलेल्या ध्वनिवर्धकावर गिटार वाजवून दाखविली, हे आमच्या वाचकांस स्मरत असेलच. हा विद्यार्थी बीड जिल्ह्यातील नारायणगडाच्या परिसरातील एका खेड्यातला. धाकटी पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गडावर एकादशीस वारकऱ्यांची दाटी होते आणि कर्ण्यांतून निघालेला कीर्तनाचा आवाज शिवारात दूरवर ऐकू येतो. एका माणसाचा आवाज एवढा मोठा होतो तरी कसा, हे कोडे या मुलाच्या मनात लहानपणापासून होते. जुन्या रेडिओचा सांगाडा, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात पूर्वी बनलेल्या चार काचेच्या नळ्या, एक ट्रान्सफॉर्मर आणि लाकडी खोक्यात ताणून बसविलेल्या दोन लांब स्प्रिंगा, एवढ्या सामग्रीवर त्याने आपले यंत्र उभे केले. त्या नळ्यांतील तांबूस उजेड पाहून कित्येक पालकांनी आम्हांस विचारले की, ही युक्ती मुळात कोणाची? त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हे अल्प चरित्र आम्ही सादर करीत आहोत.

ली डी फॉरेस्ट यांचा जन्म अमेरिकेतील आयोवा प्रांतात कौन्सिल ब्लफ्स या गावी २६ ऑगस्ट १८७३ रोजी झाला. वडील हेन्री डी फॉरेस्ट हे धर्मोपदेशक होते. ली सहा वर्षांचा असताना, म्हणजे १८७९ साली, वडिलांनी अलाबामा प्रांतातील टॅलाडेगा कॉलेजचे अध्यक्षपद पत्करले. गुलामगिरीतून नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघालेली ही संस्था होती, आणि तिची सेवा करणाऱ्या या कुटुंबास गावातील गोऱ्या समाजाने आपल्यात घेतले नाही. घरी द्रव्य बेताचे, बाहेर बहिष्कार. अशा स्थितीत ली आपला वेळ यंत्रांच्या नादात घालवू लागला. लाकडी आगगाडीचे इंजिन, लहानशी लोखंड गाळण्याची भट्टी, चांदीचा मुलामा देण्याचे साधन असल्या वस्तू त्याने वयाच्या तेराव्या वर्षापर्यंत तयार केल्या होत्या. मुलाने आपल्याप्रमाणेच धर्मसेवेत शिरावे ही वडिलांची इच्छा. मुलाचे मन मात्र शास्त्रात गुंतलेले. अखेरीस वडिलांनी माघार घेतली. हा निर्णय त्यांस सोपा गेला नसावा, असे आम्हांस वाटते. मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन या मिशनरी शाळेत दोन वर्षे काढून ली १८९३ साली येल विद्यापीठात दाखल झाला. १८९६ साली वडील वारले. तथापि शिक्षण थांबले नाही, आणि १८९९ साली विद्युल्लहरींवरील प्रबंधास डॉक्टरेट मिळाली.

यापुढील हकीकत विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक वाचावी. १९०० च्या सुमारास शिकागो येथे डी फॉरेस्ट आपल्या खोलीत प्रयोग करीत असता त्यांस दिसले की, विजेची ठिणगी पाडताच जवळचा गॅसचा दिवा मंद होतो. त्यांनी अनुमान केले की, तप्त वायूस विद्युल्लहरींची चाहूल लागते. अनुमान चुकीचे होते! पुढे परीक्षा करून पाहता दिवा ठिणगीच्या आवाजाने हलतो, लहरींनी नव्हे, हे त्यांचे त्यांनाच कळून आले. परंतु कल्पना एकदा डोक्यात शिरली ती निघाली नाही. तप्त वायूत लहरी पकडण्याची शक्ती असलीच पाहिजे, या हट्टाने ते पुढील काही वर्षे निरनिराळे दिवे तयार करवून पाहत राहिले.

मध्यंतरी त्यांनी बिनतारी संदेशाचा व्यापार मांडला. १९०२ साली निघालेल्या त्यांच्या कंपनीचे पुढारी शेअर विकण्यातच अधिक तत्पर होते. एका पेटंटाच्या खटल्यात हार झाल्यावर १९०६ साली डी फॉरेस्ट यांस स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडावे लागले. सोबत आले ते केवळ त्या दिव्यांचे हक्क, ज्यांना तेव्हा कोणीही किंमत देत नव्हते.

इंग्लंडात फ्लेमिंग यांनी १९०४ साली दोन ध्रुवांची नळी केली होती. काचेच्या दिव्यात एक तापणारी तार आणि तिच्यासमोर धातूची पट्टी. तारेतून निघालेले विद्युत्कण पट्टीकडे धावतात, उलट दिशेस नाही. १९०६ च्या अखेरीस डी फॉरेस्ट यांनी या दोहोंच्या मध्ये नागमोडी वळविलेली एक बारीक तार बसविली आणि हाच तो तिसरा ध्रुव, म्हणजे जाळी होय. या रचनेचे पेटंट त्यांस १८ फेब्रुवारी १९०८ रोजी मिळाले. जाळीचे काम आपल्याकडील शेतकऱ्याच्या मुलास सहज समजेल. रात्री उसास दारे धरणारा पोरगा एका ढेकळाने पाटाचे सारे पाणी या सरीतून त्या सरीत वळवितो. ढेकूळ उचलण्यास श्रम थोडे, पाणी पुष्कळ. तद्वत् जाळीवर आलेला दुर्बल विद्युद्दाब पट्टीकडे जाणारा मोठा प्रवाह कमीअधिक करतो. गिटारीच्या तारेचे सूक्ष्म कंपन असे एका नळीतून दुसरीत वाढत जाऊन शेवटी कर्णा हलविण्याइतके प्रबळ होते.

नवलाची गोष्ट ही की, आपली नळी का चालते हे खुद्द तिच्या जनकासच उमगले नव्हते. नळीत थोडा वायू राहिलाच पाहिजे, असा त्यांचा समज. लँगम्युर आणि अर्नॉल्ड या शास्त्रज्ञांनी १९१२-१३ च्या सुमारास नेमके उलट दाखविले: वायू जितका काढून टाकावा तितकी नळी चांगली. तेव्हापासून ती खरोखर निर्वात नळी झाली.

१९१३ साल डी फॉरेस्ट यांच्या आयुष्यात फार चमत्कारिक गेले. त्या वर्षी अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीने दूरध्वनीसाठी नळीचे हक्क पन्नास हजार डॉलरांस विकत घेतले; आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या न्यायालयात त्यांच्यावर शेअरखरेदीदारांस फसविल्याचा खटला उभा राहिला. हा दिवा निरुपयोगी असून त्याच्या नावावर लोकांचा पैसा लुबाडला, असे सरकारी वकिलाचे म्हणणे होते. १९१४ च्या आरंभीच डी फॉरेस्ट निर्दोष सुटले. त्यांच्या काही सहकाऱ्यांस मात्र शिक्षा झाली. पुढील वर्षी, २५ जानेवारी १९१५ रोजी, न्यूयॉर्क आणि सॅनफ्रान्सिस्को यांच्यामध्ये दूरध्वनी सुरू झाला, तो त्याच दिव्याच्या सुधारलेल्या वंशजांच्या बळावर.

त्याच १९१५ साली त्यांनी नळ्यांच्या साहाय्याने स्वर निर्माण करणारे एक वाद्य दाखविले. प्रत्येक सप्तकास एक नळी अशी त्याची रचना होती. संगीताची त्यांस मनापासून आवड. १९१० सालीच त्यांनी न्यूयॉर्कच्या ऑपेरागृहातील कारुसो याचे गायन बिनतारी यंत्राने दूर पाठविले होते. पुढे चित्रपटास वाणी देण्याचा उद्योगही त्यांनी केला आणि १९२३ च्या एप्रिलात आपले बोलके लघुपट न्यूयॉर्कमध्ये दाखविले. त्या धंद्यातही त्यांना यश आले नाही. बोलपटाचा फायदा इतरांनी घेतला. मुंबईस १९३१ साली आलम आरा लागला आणि १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभातने अयोध्येचा राजा काढला, तेव्हा पडद्यामागून येणारा आवाज वाढविण्याचे काम नळ्याच करीत होत्या.

आता त्यांच्या चरित्रातील एक कटु प्रकरण. नळीतून निघालेला वाढीव प्रवाह पुन्हा तिच्याच जाळीकडे फिरविला तर वर्धन कैक पटींनी वाढते, आणि अतिरेक झाल्यास नळी आपण होऊन किंचाळू लागते. आमच्या संमेलनात गिटार कर्ण्याच्या फार जवळ आल्यावर जी कर्णकटु शीळ निघाली व पहिल्या रांगेतील मंडळींनी कान झाकले, ती याच जातीची. ही युक्ती प्रथम कोणाची, यावरून डी फॉरेस्ट व आर्मस्ट्राँग या तरुण अभियंत्यात जवळजवळ वीस वर्षे दावा चालला. १९३४ साली सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्ट यांच्या बाजूने निकाल दिला. अभियंत्यांच्या मंडळास तो रुचला नाही. आर्मस्ट्राँग यांनी पूर्वी मिळालेले पदक परत करू केले असता मंडळाने ते घेतले नाही. आमचेही मत मंडळासारखेच आहे. नळी डी फॉरेस्टांची, पण तिच्या अंगी काय आहे हे आर्मस्ट्राँग यांनी अधिक नीट ओळखले. चरित्रनायकाचा गौरव करताना हे लपविणे आम्हांस योग्य वाटत नाही.

डी फॉरेस्ट ३० जून १९६१ रोजी हॉलिवूड येथे वारले. पेटंटे पुष्कळ, लक्षावधी डॉलर हातांतून गेलेले. मागे उरलेली शिल्लक मात्र अगदी किरकोळ होती. तोवर १९४७ साली निघालेल्या ट्रान्झिस्टरने नळीस रेडिओतून हुसकावण्यास आरंभ केला होता. गिटारवादकांनी तेवढी तिची साथ सोडली नाही; कारण मर्यादेबाहेर ताणली असता नळी आवाज एकदम फाडीत नाही, हळूहळू जाडसर करते.

राहिल्या त्या स्प्रिंगा. त्यांचा उपयोग डी फॉरेस्ट यांचा नव्हे. तो हॅमंड यांनी आपल्या विजेच्या ऑर्गनसाठी रूढ केला आणि १९६३ साली फेंडर यांनी गिटारीच्या ध्वनिवर्धकातच बसविला. स्प्रिंगेच्या एका टोकास आवाजाचे कंपन दिले की ते दुसऱ्या टोकापर्यंत जाते, परतते, पुन्हा जाते. त्यामुळे लहान खोलीतला सूर दगडी सभामंडपात उमटल्यासारखा घुमतो. आमच्या विद्यार्थ्याच्या खोक्यास संमेलनात कोणाचा पाय लागला आणि स्प्रिंगा हादरून आकाश गडगडल्यासारखा आवाज झाला, तो पावसाचा नव्हता, हे मागे बसलेल्या पालकांस येथे कळवीत आहोत. ते यंत्र सध्या पदार्थविज्ञानाच्या खोलीत ठेविले आहे. त्यात तीनशे व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो संचायकांत काही काळ टिकतो; सबब शिक्षक हजर नसता त्याचे झाकण कोणीही उघडू नये.