खटल्यापलीकडच्या डॉक्टर रखमाबाई

पुणे-नाशिक महामार्गाने मोशी ओलांडून कुरुळी, चाकणच्या दिशेने रात्री निघावे, तर कारखान्यांच्या दिव्यांच्या जोडीला रुग्णालयांचे दिवेही जागे दिसतात. तिथे येणाऱ्या रुग्णाची विचारपूस होते, पण त्याला तपासणारा डॉक्टर आपल्या कामावर आणि जगण्यावर समाधानी आहे का, हे सहसा कोणी विचारत नाही. लांबलेल्या पाळ्या, नातेवाइकांचा रोष आणि घरच्यांना न मिळणारा वेळ यांमुळे हा प्रश्न आता डॉक्टरमंडळींतच वारंवार निघू लागला आहे. अशा वेळी एका मराठी स्त्रीचे आयुष्य आठवते. जग तिला एका खटल्यासाठी ओळखते, पण तिचे खरे आयुष्य गेले ते रुग्णालयात.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकरच निवर्तले. आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सखाराम अर्जुन हे नामवंत डॉक्टर, ग्रँट मेडिकल कॉलेजातील अध्यापक आणि वनस्पतींचे जाणकार. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांतही त्यांचे नाव आहे. त्यांच्या घरात रखमाबाई वाढल्या, म्हणजेच डॉक्टरचे जगणे त्यांनी लहानपणापासून जवळून पाहिले. तरीही रूढी या घराचाही उंबरठा ओलांडून आत आलीच. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आला. विवाहानंतर त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. माहेरी राहून, मिशनच्या ग्रंथालयातील पुस्तके आणून त्यांनी घरीच शिक्षण चालू ठेवले.

१८८४ मध्ये दादाजींनी पत्नीने नांदायला यावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल केला. १८८५ मध्ये सखाराम अर्जुन यांचे निधन झाले आणि रखमाबाईंचा मोठा आधार गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. अपिलात मात्र तो टिकला नाही. प्रकरण पुन्हा चालले आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: पतीकडे जा, नाहीतर सहा महिन्यांचा तुरुंगवास भोगा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. दरम्यान ‘अ हिंदू लेडी’ या नावाने टाइम्स ऑफ इंडियात लिहिलेल्या पत्रांतून त्यांनी बालविवाहावर टीका केली होती. ‘केसरी’तून टिळकांनी त्यांच्यावर कठोर टीका केली, तर सुधारकांनी आणि इंग्लंडमधील हितचिंतकांनी त्यांची बाजू घेतली. अखेर जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागील वादळात या खटल्याचा वाटा मोठा होता.

बहुतेकांच्या लेखी रखमाबाईंची कथा इथे संपते. खरे पाहता त्या वेळी त्यांचे वय अवघे तेवीस होते.

पुढची वाट दाखवली ती डॉ. एडिथ पीची यांनी. मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा वाहणाऱ्या पीचीबाईंना स्वतःला एडिंबरोत वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी झगडावे लागले होते. त्यांचे प्रोत्साहन आणि हितचिंतकांनी उभा केलेला निधी यांच्या बळावर रखमाबाई १८८९ मध्ये विलायतेला गेल्या. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकून १८९४ मध्ये त्यांनी वैद्यकीय पात्रता मिळवली. अमेरिकेतून पदवी घेऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी कोल्हापूरच्या रुग्णालयात रुजू होण्याआधीच १८८७ मध्ये गेल्या होत्या. आनंदीबाईंना जे करता आले नाही, ते करण्याची संधी रखमाबाईंना मिळाली आणि त्यांनी तिचे सोने केले.

मायदेशी परतल्यावर त्यांनी सुरतच्या स्त्रियांच्या रुग्णालयाची जबाबदारी घेतली. त्या काळी पुरुष डॉक्टरला नाडी दाखवणेही अनेक घरांत निषिद्ध होते आणि बाळंतपण सुईणीच्या हाती असे. रुग्णालयाची पायरी चढायला स्त्रियांचे मन वळवणे हाही उपचाराचाच भाग होता. १८९६ नंतर प्लेगने मुंबई इलाखा ग्रासला, पाठोपाठ गुजरातेत छप्पन्नाचा भीषण दुष्काळ पडला. या सगळ्या काळात रखमाबाई सुरतेतच होत्या. दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी तेथे काम केले.

१९१८ मध्ये त्यांना विमेन्स मेडिकल सर्व्हिसमध्ये येण्याचे आमंत्रण आले. सरकारच्या पाठबळाची अखिल भारतीय सेवा, म्हणजे मानाची जागा. त्यांनी ती नाकारली आणि काठेवाडातील राजकोटच्या जनाना रुग्णालयाची वाट धरली. १९३० च्या सुमारास निवृत्त होईपर्यंत त्या तेथेच राहिल्या. एकूण पस्तीस वर्षांची ही रुग्णसेवा!

हे आयुष्य सर्वस्वी सुखाचे होते, असे मात्र कोणी म्हणू नये. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा ज्यांच्या घरी त्या कधीच नांदल्या नाहीत, त्यांच्यासाठी रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसली, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. ही विसंगती की समाजाशी केलेला समेट, हे कोणी ठरवावे? निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. पडदापद्धतीविरुद्ध त्यांनी पुस्तिका लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आपण किती समाधानी आहोत, याचा जमाखर्च रखमाबाईंनी मांडून ठेवलेला नाही. त्यांच्या निवडींतून मात्र काही उमगते. व्यवसाय त्यांचा स्वतःचा होता, कोणी गळ्यात बांधलेला नव्हता. कामाची जागा त्यांनी स्वतः निवडली. आणि जिथे त्या होत्या, तिथे त्यांची गरज होती. परंतु त्यांची उदाहरणे देऊन आजच्या निवासी डॉक्टरांना निमूटपणे सोसायला सांगणे हा त्यांच्यावर अन्यायच ठरेल. निमूटपणे सोसणे रखमाबाईंना कधी जमलेच नाही. शिवाय त्यांच्या पाठीशी मार्गदर्शक होते, निधी होता, अधिकाराचे पद होते. डॉक्टरचे समाधान हा त्याच्या एकट्याच्या मनोधैर्याचा प्रश्न नसतो. ते उभे राहते ते भोवतालच्या आधारावर. महामार्गालगतच्या त्या जाग्या दिव्यांखाली काम करणाऱ्यांना हा आधार द्यायचा की नाही, हे आपल्यालाच ठरवायचे आहे.