एकटा दर्यावर्दी : फ्रान्सिस चिचेस्टर

मला शूर माणसांची चरित्रे वाचायला आवडतात. आज मी फ्रान्सिस चिचेस्टर यांची माहिती लिहीत आहे.

त्यांचा जन्म १७ सप्टेंबर १९०१ रोजी इंग्लंडमध्ये डेव्हन येथे झाला. वडील पाद्री होते. १८ व्या वर्षी ते न्यूझीलंडला गेले. खिशात फक्त १० पौंड होते. पुढे ते विमान चालवायला शिकले. १९३१ साली त्यांनी न्यूझीलंड ते ऑस्ट्रेलिया हा समुद्र एकट्याने विमानातून ओलांडला. विमानाचे नाव जिप्सी मॉथ. पुढे बोटींनाही त्यांनी तेच नाव दिले.

१९५८ साली डॉक्टरांनी त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर सांगितला. त्यांची पत्नी शीला हिने खूप सेवा केली. हळूहळू ते बरे झाले.

१९६० साली अटलांटिक महासागरात एक शर्यत झाली. इंग्लंडमधील प्लिमथ ते अमेरिकेतील न्यूयॉर्क. प्रत्येक बोटीत एकच माणूस! शिडाच्या फक्त ५ बोटी होत्या. मी शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर दोरा धरून पाहिला. ते अंतर वीतभरसुद्धा नाही. पण खरे अंतर ३ हजार मैलांहून जास्त आहे. वारा बहुतेक वेळा समोरून येतो, म्हणून बोट नागमोडी न्यावी लागते. पुढे दाट धुके आणि बर्फाचे डोंगर. मग माणसाने झोपायचे कधी? त्यासाठी त्यांनी वाऱ्याच्या जोरावर आपोआप सुकाणू फिरवणारे यंत्र बसवले होते. ४० दिवसांनी ते न्यूयॉर्कला पोचले आणि पहिले आले. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते.

१९६४ च्या शर्यतीत ते ३० दिवसांच्या आतच पोचले. तरी नंबर दुसरा आला, कारण फ्रान्सचे एरिक तबार्ली त्यांच्याही पुढे होते.

१९६६ साली ते एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. वाटेत फक्त सिडनीला थांबले. तिथून निघाल्यावर लगेच वादळात बोट उलटली, पण परत सरळ झाली. ते मागे फिरले नाहीत. २२६ दिवस बोट चालवून २८ मे १९६७ रोजी ते प्लिमथला आले. तेव्हा ते ६५ वर्षांचे होते. माझे आजोबाही तेवढेच आहेत. त्यांना हे वाचून दाखवले तर ते कितीतरी वेळ गप्पच बसले.

राणी दुसरी एलिझाबेथ यांनी त्यांना सर ही पदवी दिली.

१९७२ साली आजारी असूनही ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले. पण त्रास वाढला आणि अर्ध्यातून परतावे लागले. २६ ऑगस्ट १९७२ रोजी ते वारले.

आजारातून उठून एवढा मोठा समुद्र एकट्याने पार करणाऱ्या या दर्यावर्दीला माझा नमस्कार.

— इयत्ता ४ थी