गीता २.७ : ठरवणारा कोण?



आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला सातवा. काय करावं तेच कळेना, म्हणून अर्जुन कृष्णाला शरण येतो. इथे आलो की मला आमच्या रत्नागिरीच्या टिळक आळीत १८५६ साली जन्मलेले लोकमान्य आठवतात.

१८७२ मध्ये वडील गंगाधरपंत शेवटच्या आजारात होते. टिळक तेव्हा जेमतेम सोळाचे. वडिलांना ते गीतेवरची मराठी टीका वाचून दाखवायचे. तेव्हापासून एक शंका मनात राहिली: अर्जुनाला लढायलाच उभं करायचं होतं, तर मग त्याला एवढं आत्मज्ञान कशाला?

पुढे केसरी, राजद्रोहाचा खटला, २२ जुलै १९०८ ला सहा वर्षांची शिक्षा आणि मंडाले. (योगायोग बघा, मंडालेचा थिबा राजा त्याच वेळी आमच्या रत्नागिरीत नजरकैदेत होता!) तिथे १९१०-११ च्या हिवाळ्यात, पेन्सिलीने, त्या शंकेचं उत्तर लिहून झालं. तेच गीतारहस्य, छापलं गेलं १९१५ मध्ये.

इंजिनिअरिंगला आम्ही डिसिजन ट्री शिकलो. पर्याय मांडा, परिणामांना आकडे द्या, बेरीज मोठी तो पर्याय घ्या. टिळकांसमोर याचाच भाऊबंद होता, पुष्कळांचं पुष्कळ सुख मोजणारा बेंथॅम-मिलचा हिशेब. तो त्यांना पुरेसा वाटला नाही, कारण बेरजेत करणाऱ्याची बुद्धी कुठेच दिसत नाही. आणि खरंच, समोर भीष्म-द्रोण उभे असताना कुठला आकडा लिहायचा?

म्हणून ते सहाव्या प्रकरणात ठरवणाऱ्याकडेच वळतात. मन पर्याय पुढे ठेवतं, बुद्धी निवड करते, आणि या दोघांनाही जाणणारा तो क्षेत्रज्ञ. आता त्याच्यावर शंका घेऊन बघा. मी नाहीच, असं म्हणायलाही कोणीतरी लागतोच. नाकारणारा तोच आत्मा, हे शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात दाखवलंय. कित्येक शतकांनी देकार्तही शंका घेत घेत जवळपास इथेच पोचला. पण तो विचार करणाऱ्या मनापाशी थांबला. आपल्याकडे मनसुद्धा बघितली जाणारी वस्तू! मला हे जास्त पटतं.

त्या जाणणाऱ्यात स्थिर झालेली बुद्धी फळाच्या भीतीने हलत नाही, आणि तीच नीट ठरवू शकते. सोळाव्या वर्षीच्या शंकेला टिळकांचं उत्तर हे असं.

लिहून साधारण वर्ष होतंय तोच, १९१२ मध्ये सत्यभामाबाई गेल्या. तुरुंगातून येणं शक्यच नव्हतं. तिथे ठरवायला काहीच उरलेलं नव्हतं, तेव्हा त्या बुद्धीने काय केलं असेल? सकाळपासून माझं चिंतन तिथेच अडलंय.

उद्या श्लोक आठवा.