प्रार्थनेच्या वाटेवरचा वारकरी : रेव्हरंड नारायण वामन टिळक

नाताळचा सण आला की चर्चमधील दिव्यांची आरास आणि घंटानाद आपले लक्ष वेधून घेतो. परंतु त्या मंदिरात जमलेली माणसे परमेश्वराशी काय बोलतात आणि घरी एकांतात डोळे मिटून काय मागतात, याची कल्पना आपल्यापैकी फारच थोड्यांना असते. हे समजून घ्यावयाचे तर दूर जाण्याचे कारण नाही. ज्यांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता पिढ्यान्‌पिढ्या शाळेत शिकविली गेली, त्या रेव्हरंड टिळकांचे जीवन त्यासाठी पुरेसे आहे.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आई जानकीबाई यांच्याकडून त्यांना भक्तीचा आणि काव्याचा वारसा मिळाला. मातृसुख मात्र त्यांना फार काळ लाभले नाही. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले. पुढे शिक्षकी, पौरोहित्य, छापखान्यातील काम असे अनेक व्यवसाय करीत ते गावोगाव हिंडले. पोटाची चिंता होतीच, पण तीहून मोठी चिंता ईश्वराच्या शोधाची होती.

१८९३ साली नागपूरकडून राजनांदगावला जात असताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. त्या गृहस्थाने त्यांना ‘नव्या करारा’ची प्रत भेट दिली. टिळकांनी ती वाचावयास घेतली आणि येशूच्या गिरिप्रवचनाशी येऊन ते थबकले. त्या प्रवचनातच येशूने प्रार्थना कशी करावी हे सांगितले आहे. लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करू नये. आपल्या खोलीत जावे, दार लावून घ्यावे आणि गुप्त असलेल्या पित्यापाशी मन मोकळे करावे, असा त्या उपदेशाचा आशय आहे. मात्र त्याच ठिकाणी त्याने शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, तिच्यात ‘माझा’ हा शब्द नाही. देवाला हाक मारावयाची ती आम्हा सर्वांचा पिता म्हणून, भाकरी मागावयाची ती आम्हा सर्वांसाठी, आणि क्षमा मागताना इतरांना क्षमा केल्याचीही आठवण ठेवावयाची. दार बंद करून एकटा बसलेला भक्तसुद्धा अशा रीतीने साऱ्या मानवकुटुंबाला बरोबर घेऊनच बसतो. एकांत आणि संगत यांचा हा मिलाफ ख्रिस्ती प्रार्थनेचे मर्म होय.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची किंमत त्यांनी एकट्याने दिली नाही. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा यांची त्यांच्यापासून ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंच्या त्या काळातील दुःखाची कल्पना ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास सांगावयास नको. ज्या एका पित्यापुढे सारी मानवजात एक कुटुंब ठरते, त्याच्याकडे जाताना स्वतःचे कुटुंब मात्र मागे राहिले, ही टिळकांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण परीक्षा होती. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांच्याकडे परत आल्या, त्या आपले सोवळेओवळे सांभाळूनच. माणसामाणसांतील उच्चनीचता देवाने निर्माण केलेली नाही, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले, आणि मग १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात असताना टिळकांना एक गोष्ट सारखी खुपत असे. मंडळी उपासनेस जमत, परंतु त्यांच्या ओठी असलेली गीते बहुधा परकी असत. शब्द भाषांतरित आणि चालीही पाश्चात्त्य. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले होते, ख्रिस्ती कीर्तनेही टिळकांच्या आधी झाली होती. तथापि सामान्य ख्रिस्ती माणसाची नित्याची प्रार्थना मराठी मातीत रुजविण्याचे श्रेय मुख्यतः टिळकांकडे जाते. ज्ञानोबा-तुकोबांनी घडविलेल्या अभंगाच्या पात्रात त्यांनी आपली ख्रिस्तभक्ती ओतली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. त्यांनी रचलेली शंभराहून अधिक गीते मराठी चर्चमध्ये रुजली. हाती टाळ घेऊन ते कीर्तनास उभे राहात, आणि लक्ष्मीबाईही कीर्तने करीत. ‘अभंगांजली’तील त्यांची वाणी मात्र एकांतातील भक्ताची आहे. देव त्यांना कधी पिता, कधी सखा वाटे, तर ख्रिस्ताला ते माउलीच्या नात्याने आळवीत.

त्यांचे घरही एक प्रकारे प्रार्थनामंदिरच होते. अनाथ मुलांना तेथे आश्रय मिळे. बालकवी ठोंबरे त्या घरात पुत्रवत राहिले, आणि त्यासाठी त्यांना आपला धर्म सोडावा लागला नाही. प्रार्थना करून उठलेल्या माणसाचे दार दुसऱ्यासाठी उघडे असले पाहिजे, हे टिळकांनी असे आचरून दाखविले.

१९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीचा स्वीकार केला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा सर्व ख्रिस्तप्रेमी जनांनी एकत्र बसून भक्ती करावी, अशी त्यामागील कल्पना होती. ती पूर्णत्वास जाण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ज्या पत्नीचा हात एके काळी सुटला होता, तिनेच ते पुढे पूर्णत्वास नेले.

क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू गेथशेमाने बागेत प्रार्थनेस गेला. तो एकटाच थोडा पुढे जाऊन गुडघे टेकून बसला. परंतु तीन शिष्यांना त्याने जवळच जागत राहण्याची विनवणी केली होती. ते झोपी गेले. परमेश्वरापुढे प्रत्येकाला एकट्यानेच उभे राहावे लागते, तरीही कोणी सोबतीला जागे असावे असे वाटतेच. देवघरातील जप आणि एकादशीचे भजन या दोहोंची ओढ ज्याला ठाऊक आहे, त्याला टिळकांची बंद खोली आणि त्यांचा दरबार दोन्ही परके वाटणार नाहीत.