पहिली सुई स्वतःला : वाल्डेमार हाफकिन

वाचकहो, मुंबईच्या महंमद अली रोडवरून आपण किती वेळा गेला असाल! हा रुंद रस्ता प्लेगच्या साथीची देणगी आहे, हे आपण मुलांना कधी सांगितले आहे काय? १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग आढळला आणि लोक मुंबई सोडून पळू लागले. १८९८ साली सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडून वारा खेळेल असे रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नवी वस्ती आखली. ज्या गरिबांची घरे गेली त्या सर्वांना मात्र नवी घरे मिळाली नाहीत.

त्याच मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिनसाहेब आले. जन्म १८६० चा, रशियातील ओडेसा शहरी, एका ज्यू घराण्यात. विद्वत्ता असूनही धर्म बदलण्यास नकार दिल्याने तेथे प्राध्यापकी मिळाली नाही. पॅरिसला पाश्चर संस्थेत त्यांनी ग्रंथपालाची साधी नोकरी पत्करली आणि तिथेच कॉलऱ्याची लस शोधली. १८९२ साली ती प्रथम टोचून घेतली ती स्वतःच.

मुंबईत त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून व तीन शिपाई एवढेच मिळाले. मेहनत अशी की तीन महिन्यांत प्लेगची लस तयार! १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी नेहमीच्या मात्रेपेक्षा कितीतरी मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. ताप चढला, अंग दुखले, पण ते कामावरून हटले नाहीत. त्यानंतरच भायखळ्याच्या तुरुंगातील राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली.

पण पालकहो, त्या काळी सरकारी माणूस दारात आला की लोकांचा थरकाप होई. घरझडती, रोग्याला उचलून नेणे, पडदानशीन बायकांची तपासणी! मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातील जुलाहा विणकरांनी एका आजारी मुलीला नेऊ दिले नाही आणि शहरात दंगल उसळली. अशा वेळी जेमतेम विशीतल्या आगाखान (तिसरे) यांनी चारचौघांत लस टोचून घेतली आणि आपल्या जमातीलाही ती घ्यायला लावली. प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला. हुकमाने झाले नसते ते एका दंडाने झाले, असे मला वाटते.

पुढे १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. खापर फुटले ते हाफकिनवर. वर्षानुवर्षे झगडून १९०७ साली त्यांच्यावरील ठपका निघाला, तरी मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन हे नाव देण्यात आले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडात ते वारले. लग्न केले नव्हते. मागे ठेवलेली संपत्ती ज्यू मुलांच्या धार्मिक शाळांकडे गेली.